गेम क्रॅश आणि स्क्रीनच्या तक्रारी: गेमिंग पीसीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न विंडोज १० आणि ११ वरच्या डेस्कटॉप पीसीला धरून घेतले आहेत. लॅपटॉपला काही वेगळं लागू असेल तिथे तसं सांगितलंय. उत्तरं वाचताना एक पथ्य पाळा: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि मग तोच गेम, तीच जागा, तेवढाच वेळ खेळून बघा. ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर), बायोस (मदरबोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर), केबल आणि सेटिंग असं सगळं एका बैठकीत बदललंत तर तक्रार जाईलही, पण कशाने गेली ते कळणार नाही. महिन्याभराने ती परत आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

गेम क्रॅश झाला. सगळ्यात आधी काय करू?

नक्की काय झालं ते आठवा, जमलं तर लिहून ठेवा. 'क्रॅश' म्हणताना लोक निदान चार वेगवेगळे प्रकार सांगत असतात आणि चौघांना एकच औषध दिलं जातं. घोळ तिथेच सुरू होतो.

गेम नाहीसा झाला, डेस्कटॉप दिसला आणि बाकी सगळं व्यवस्थित चालू आहे, तर संशय आधी गेमच्या फायलींवर, मग ओव्हरलेवर (गेमच्या चित्रावर आपली माहिती दाखवणारे प्रोग्राम), मग रॅमवर. स्क्रीन काळी झाली पण हेडफोनमध्ये मित्राचा आवाज येत राहिला, तर पीसी जिवंत आहे. ग्राफिक्स ड्रायव्हर कोलमडलाय किंवा मॉनिटरपर्यंत सिग्नल पोचत नाहीये. निळी स्क्रीन आली तर विंडोजनेच हात टेकलेत, आणि तिच्यावर लिहिलेलं नाव हा सगळ्यात मोलाचा धागा असतो. फोनने फोटो काढा. (विंडोज ११ च्या २०२५ मधल्या अपडेटनंतर ही निळी स्क्रीन काळी झाली आहे, त्यामुळे नुसतं 'काळी स्क्रीन आली' म्हणून थांबू नका, तिच्यावर मजकूर होता का ते बघा.) आणि काहीही न सांगता पीसी फटकन बंद पडला किंवा रीस्टार्ट झाला, तर गेमच्या मागे लागू नका. तिथे पॉवर सप्लाय, तापमान किंवा प्रोसेसर तपासायचा.

विंडोज कुठे लिहून ठेवतं का, काय बिघडलं ते?

ठेवतं, आणि बहुतेक लोक तिकडे फिरकतही नाहीत. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' असं टाइप करा आणि रिलायबिलिटी हिस्टरी उघडा. दिवसागणिक काय कोसळलं त्याचा तक्ता दिसतो. यात एक मोठा फायदा आहे: तक्रार कोणत्या तारखेपासून सुरू झाली आणि त्याच दिवशी कोणतं अपडेट बसलं, हे शेजारी शेजारी दिसतं.

त्याहून खोलात जायचं तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टमच्या नोंदी बघा. 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद पाहून लोक घाबरतात आणि थेट पॉवर सप्लाय बदलायला निघतात. ती नोंद एवढंच सांगते की पीसी नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. तुम्ही स्वतः बटण दाबून धरलंत तरी ती येते. खरी माहिती तिच्या आसपासच्या नोंदींत असते. 'डब्ल्यूएचईए-लॉगर' दिसलं तर हार्डवेअरने स्वतः चूक कळवली आहे, ही नोंद कधीही दुर्लक्षू नका. 'डिस्प्ले ४१०१' दिसलं तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला होता आणि विंडोजने त्याला पुन्हा उभं केलं.

निळ्या स्क्रीनची छोटी फाइल विंडोजच्या फोल्डरमधल्या 'मिनिडंप'मध्ये जमा होते. मायक्रोसॉफ्टच्या विनडीबीजी या मोफत प्रोग्रामने ती वाचता येते. पण तो ज्या फाइलकडे बोट दाखवतो तीच दोषी, असं धरून चालू नका. वेगवेगळ्या क्रॅशमध्ये दर वेळी वेगळीच फाइल निघत असेल तर ड्रायव्हर बहुधा निर्दोष आहेत, रॅम तपासा.

फक्त एकच गेम क्रॅश होतो, बाकीचे नीट चालतात.

मग आधी त्या गेमचीच चौकशी. स्टीम, एपिक वगैरे सगळ्या लाँचरमध्ये फायली पडताळायची सोय असते, ती चालवा. गेम लाँच होतानाच एखादी डीएलएल फाइल सापडत नाही असा संदेश आला तर ती एकटी फाइल कुठल्याशा साइटवरून उतरवू नका; व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रनटाइम पॅकेज मायक्रोसॉफ्टकडून घेऊन बसवा. जुना गेम 'डी३डीएक्स९' ने सुरू होणारी फाइल मागत असेल तर त्याला जून २०१० चं डायरेक्टएक्स रनटाइम लागतं, ते विंडोज ११ मध्येही आपोआप येत नाही.

मॉड, म्हणजे बाहेरच्या लोकांनी बनवलेले गेममधले बदल, टाकले असतील तर सगळे काढा. गेमला मोठं अपडेट येतं, मॉड जुनाच राहतो आणि दोष ग्राफिक्स कार्डाला मिळतो, हे फार वेळा घडतं.

कधी कधी मात्र तुमच्याकडे दुरुस्त करण्यासारखं काहीच नसतं. २०२४ च्या शेवटी विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीवर यूबिसॉफ्टचे काही गेम अडकू लागले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने ते गेम असलेल्या पीसींना ती आवृत्ती देणंच तात्पुरतं थांबवलं होतं. गेम काल रात्रीपर्यंत चालत होता, आज सगळ्यांचाच पडतोय, तर पॅच येईपर्यंत दुसरं काही खेळा.

सगळे म्हणतात ड्रायव्हर अपडेट करा. खरंच उपयोग होतो?

अर्ध्या वेळा. गेम नवीन आणि ड्रायव्हर वर्षभर जुना असेल तर अपडेट करायलाच हवं. पण गेल्या आठवड्यात अपडेट केलं आणि या आठवड्यात तक्रार सुरू झाली, तर उलट मागे जायचं. २०२५ च्या सुरुवातीला एनव्हिडियाच्या ५७२ मालिकेतल्या ड्रायव्हरांवर काळ्या स्क्रीनच्या भरपूर तक्रारी आल्या, एप्रिलमध्ये ५७६.०२ ही आवृत्ती दुरुस्त्यांची लांबलचक यादी घेऊन आली. त्या मधल्या काळात डिसेंबरच्या ड्रायव्हरवर थांबलेले जुन्या कार्डांचे लोक सुखात होते.

म्हणून माझी सवय अशी, की नीट चाललेल्या ड्रायव्हरची इन्स्टॉल फाइल पुसायची नाही. मागे जाताना जुना ड्रायव्हर पूर्ण काढायचा असेल तर डीडीयू, म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, वापरा. पीसी सेफ मोडमध्ये सुरू करून, इंटरनेट तोडून. इंटरनेट चालू राहिलं तर तुम्ही ड्रायव्हर काढता काढता विंडोज अपडेट मागच्या दाराने स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं. लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतील तर दोघांचेही ड्रायव्हर बघा, नुसत्या मोठ्या कार्डाचा नाही.

प्रत्येक नव्या ड्रायव्हरला डीडीयू चालवायची मात्र गरज नाही. तो विधी होऊन बसलाय.

'डिव्हाइस हंग', 'डिव्हाइस रिमूव्हड' असं येऊन गेम बंद होतो. कार्ड तर जागेवरच आहे!

आहे, पण विंडोजने त्याचं नाव तात्पुरतं कापलं. व्हिस्टापासून विंडोजमध्ये टीडीआर नावाची व्यवस्था आहे. ग्राफिक्स कार्डाला दिलेलं काम २ सेकंदांत पुढे सरकलं नाही तर विंडोज समजतं की कार्ड अडकलं, आणि ड्रायव्हर पुन्हा सुरू करतं. पूर्वी अशा वेळी अख्खा पीसी गोठायचा, आता फक्त गेम जातो. एका मिनिटात हे पाचापेक्षा जास्त वेळा झालं तर मात्र विंडोज थेट निळी स्क्रीन दाखवतं.

इंटरनेटवर रजिस्ट्रीत जाऊन ती २ सेकंदांची मुदत ८ किंवा १० करायचा उपाय जिकडे तिकडे सापडतो. थ्रीडी रेंडरिंगसारख्या जड कामात त्याला अर्थ आहे. गेममध्ये, माझ्या मते, नाही. साठ फ्रेम काढणारं कार्ड दोन सेकंद गप्प बसलं तर ते मंद नाही, अडकलंय. मुदत वाढवून तुम्ही फक्त जास्त वेळ गोठलेलं चित्र बघाल.

खरं कारण शोधायचं तर या क्रमाने जा. ओव्हरक्लॉक (ठरलेल्यापेक्षा जास्त वेग) किंवा अंडरव्होल्ट (ठरलेल्यापेक्षा कमी व्होल्टेज) केलं असेल तर काढा. दोन तास बेंचमार्क चालला म्हणजे सेटिंग स्थिर आहे असं होत नाही, रे ट्रेसिंगचा एखादा गेम ते पाच मिनिटांत उघडं पाडतो. कारखान्यातूनच ओव्हरक्लॉक होऊन आलेलं कार्ड असेल तर क्लॉक, म्हणजे कार्डाचा वेग, ५० मेगाहर्ट्झने खाली आणून बघा. तेवढ्याने तक्रार थांबली तर कार्ड त्याच्या ठरलेल्या वेगाला टिकत नाहीये आणि ती वॉरंटीची बाब आहे. मग पॉवर केबल. मग ड्रायव्हर. कार्ड रायझर केबलवर (कार्ड आणि स्लॉट यांना जोडणारी केबल) बसवलं असेल तर बायोसमध्ये स्लॉटचा वेग पीसीआयई ४ वरून ३ वर आणा. कमी प्रतीच्या रायझरची लबाडी इथे लगेच पकडली जाते.

कार्डात १६ जीबी मेमरी आहे, तरी 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' म्हणतं?

तुमच्याकडे इंटेलचा १३ व्या किंवा १४ व्या पिढीचा डेस्कटॉप प्रोसेसर आहे का? असेल तर ग्राफिक्स कार्डाला हात लावण्याआधी हे वाचा.

अन्रियल इंजिनवरचे अनेक गेम सुरुवातीला शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करतात आणि दाबून ठेवलेल्या फायली उलगडतात. हे सगळं काम प्रोसेसरचं. प्रोसेसरने तिथे चुकीचं उत्तर दिलं की गेमला काय झालं ते कळत नाही आणि तो ग्राफिक्स मेमरी संपल्याची तक्रार करतो. इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं की या दोन पिढ्यांतले ६५ वॉट आणि त्यावरचे डेस्कटॉप प्रोसेसर जरुरीपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्याने हळूहळू झिजत होते. ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) आले, ते मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून मिळतात. इंटेलने वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली.

नीट लक्षात घ्या: बायोस अपडेट पुढची झीज रोखतं. आधी झालेली भरून काढत नाही. अपडेट करूनही गेम तसाच पडत असेल आणि परफॉर्मन्स कोअरचा (प्रोसेसरमधल्या वेगवान भागांचा) वेग थोडा खाली आणल्यावर चालत असेल, तर प्रोसेसर बदलून मागा.

दुसरं, कमी गाजलेलं कारण म्हणजे पेज फाइल, म्हणजे विंडोज रॅमच्या जोडीला ड्राइव्हवर वापरतं ती जागा. 'माझ्याकडे ३२ जीबी रॅम आहे, पेज फाइल कशाला' म्हणून लोक ती बंद करतात. गेम मात्र वापरतो त्याहून जास्त मेमरी आधीच राखून ठेवायला मागतो, आणि विंडोज तेवढं वचन रॅम अधिक पेज फाइल यांच्या बेरजेपर्यंतच देऊ शकतं. ती विंडोजच्या हवाली करा, आणि ड्राइव्हवर मोकळी जागा ठेवा.

रॅम खराब आहे हे कसं ओळखायचं? पीसी इतर वेळी तर नीट चालतो.

ब्राउझर आणि गाणी रॅमला फारसा ताण देत नाहीत, त्यामुळे 'इतर वेळी नीट' हा पुरावा नाही.

रॅमच्या खोक्यावर ६००० लिहिलेलं असलं तरी तो वेग बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल (जास्त वेगाची तयार सेटिंग) चालू केल्यावर मिळतो, आणि प्रोफाइल म्हणजे ओव्हरक्लॉकच. रॅम त्या वेगाला चालेल याची हमी रॅमवाला देतो, तुमच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर नाही. रायझन ७००० चं उदाहरण घ्या: एएमडीच्या अधिकृत आकड्यांनुसार दोन पट्ट्या ५२०० ला, आणि चार पट्ट्या लावल्या तर फक्त ३६०० ला. दोन पट्ट्यांवर चालणाऱ्या पीसीत तशाच आणखी दोन घालून चौघींकडून ६००० मागणारे खूप आहेत, आणि मग गेम अधूनमधून का पडतो याचं त्यांना आश्चर्य वाटतं.

चाचणी सोपी आहे. बायोसमध्ये प्रोफाइल बंद करा आणि आठवडाभर खेळा. क्रॅश थांबले तर दिशा मिळाली. वेग एक पायरी खाली ठेवा किंवा बायोस अपडेट करून पुन्हा प्रयत्न करा. थांबले नाहीत तर पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ रात्रभर चालवा. त्यात एकही चूक चालत नाही. 'फक्त दोनच एरर आल्या' असं काही नसतं. एरर आल्या तर एक एक पट्टी वेगळी लावून बघा, आणि पट्ट्या दोनच असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत हव्यात.

जड गेम लावला की पीसी एकदम रीस्टार्ट होतो. पॉवर सप्लाय गेला का?

बहुधा तो कमी पडतोय किंवा केबल चुकीची लागली आहे. ग्राफिक्स कार्ड सरासरी ३०० वॉट घेत असलं तरी काही क्षणांपुरतं त्याच्या कितीतरी वर उसळतं. जुन्या रचनेचा पॉवर सप्लाय ही उसळी पाहून शॉर्ट सर्किट समजतो आणि स्वतःला बंद करतो. म्हणूनच २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० मानकात अशी क्षणिक उसळी सोसण्याची अट घातली गेली.

घरी तपासण्यासारखं बरंच आहे. आठ पिनांची एक जोडणी १५० वॉटसाठी, सहा पिनांची ७५ साठी, आणि मदरबोर्डचा स्लॉट आणखी ७५ देतो. कार्डाला दोन आठ-पिन लागत असतील तर पॉवर सप्लायपासून दोन स्वतंत्र केबल आणा, एकाच केबलला लोंबणारं दुसरं टोक वापरू नका. कार्डाची पॉवर लिमिट सॉफ्टवेअरमधून ७० टक्क्यांवर आणा आणि खेळून बघा. रीस्टार्ट थांबले तर गुन्हेगार वीजपुरवठ्याच्या बाजूला आहे. फ्रेम कॅप (सेकंदाला किती फ्रेम याची मर्यादा) लावूनही हीच चाचणी होते.

काळी स्क्रीन आणि त्याच क्षणी कार्डाचे पंखे पूर्ण वेगाने घोंघावू लागले, तर कार्डाचा पीसीशी संपर्कच तुटलाय. पॉवर केबल, स्लॉटमधली बैठक आणि कार्डाचं तापमान, या तिघांत उत्तर असतं. जड कार्ड खाली झुकलं असेल तर त्याला आधार द्या.

नव्या १६ पिनांच्या जोडणीबद्दल वेगळं सांगायला हवं. ती एकटी ६०० वॉटपर्यंत वाहून नेते, आणि २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० कार्डांवर ती वितळल्याच्या घटना पुढे आल्या, तेव्हा एनव्हिडियाने केबल पूर्ण आत न बसणं हे मुख्य कारण सांगितलं. नंतर तिची सुधारित आवृत्तीही निघाली. आत ढकलल्यावर प्लग आणि सॉकेट यांत फट दिसता कामा नये, आणि टोकाशीच केबल मुडपू नका. जळका वास आला तर खेळ थांबवा, पीसीची वीज बंद करा आणि मगच बघा.

आणि एका कंपनीच्या पॉवर सप्लायची मॉड्युलर केबल दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायला कधीही लावू नका. टोक बसतं, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो. ड्राइव्ह आणि मदरबोर्ड जागच्या जागी जळतात.

किती तापमान म्हणजे जास्त?

रायझन ७००० चे मोठे प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जातील अशाच बेताने बनवलेत, इंटेलची अलीकडची मर्यादा १०० च्या आसपास. रेडिऑन कार्डांचा हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात तापलेली जागा) ११० पर्यंत चालतो. तापमान दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम सुरू ठेवून खेळा आणि नंतर कमाल आकडे बघा.

नुसत्या तापमानाने गेम क्वचितच पडतो; आधी वेग कमी होतो, फ्रेम घसरतात. त्यामुळे ८० अंश बघून धास्तावू नका. हॉटस्पॉट आणि सरासरी तापमान यांतला फरक मात्र बघा. तो ३० अंशांच्या पुढे गेला असेल तर कार्डावरची थर्मल पेस्ट सुकलेली किंवा सरकलेली असण्याची शक्यता मोठी.

ऑनलाइन गेम अँटी-चीटची (फसवणूक पकडणाऱ्या सॉफ्टवेअरची) तक्रार करून सुरूच होत नाही.

व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) आणि सिक्युअर बूट (पीसी सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दोन्ही मागतो, बॅटलफील्ड ६ लाही सिक्युअर बूट लागतं. दोन्ही गोष्टी बायोसमध्ये असतात. पण तिथे जाऊन धडाधड बदल करू नका. विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या ड्राइव्हवर असेल तर सीएसएम (बायोसमधली जुन्या पद्धतीची सोय) बंद केल्यावर पीसी सुरूच होणार नाही. आधी मायक्रोसॉफ्टच्या एमबीआर२जीपीटी साधनाने त्याच ड्राइव्हची पद्धत एमबीआरवरून जीपीटीवर बदलून घ्यावी लागते, आणि त्याहीआधी बॅकअप. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवल्याशिवाय टीपीएमला हात लावायचा नाही.

कीबोर्डचे दिवे किंवा पंखे चालवणारी काही सॉफ्टवेअर जुने, असुरक्षित ड्रायव्हर बरोबर आणतात आणि अँटी-चीट त्यांना अडवतं. दिवे बंद करायला सांगितलेलं कुणाला आवडत नाही, पण चाचणीपुरतं ते सॉफ्टवेअर काढाच.

ओव्हरलेमुळे गेम पडतो हे खरं आहे का?

हो. डिस्कॉर्ड, स्टीम, रिव्हाट्यूनर, रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, हे सगळे गेमच्या चित्रात आपला हात घालतात. एकाच वेळी तीन चार असतील तर भांडणं होणारच. सगळे बंद करा, मग एक एक चालू करा.

नवीन पीसी जुळवला. पंखे फिरतात, मॉनिटरवर काहीच नाही.

केबल मदरबोर्डला लावली आहे की ग्राफिक्स कार्डाला? हसू नका, पहिलं कारण हेच निघतं. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो त्यांत ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टमधून काहीच येणार नाही.

डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा सुरू करताना थांबा. एएमडीचे एएम५ बोर्ड रॅमची जुळवणी करायला काही मिनिटं घेतात आणि तोवर स्क्रीन काळीच असते. घाईने बटण दाबलंत की जुळवणी पुन्हा पहिल्यापासून. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. जो पेटून राहतो तिथे अडलंय.

डिस्प्लेपोर्टची हलक्या प्रतीची केबल इथे विचित्र त्रास देते. तिच्यातली विसावी पिन दोन्ही टोकांना जोडलेली नसावी असा नियम आहे. ती जोडलेली असली तर मॉनिटरची वीज कार्डात शिरते आणि पीसी कधी सुरू होतो, कधी होत नाही. केबल काढल्यावर पीसी व्यवस्थित सुरू होत असेल तर केबल फेकून द्या.

मॉनिटर १४४ हर्ट्झचा आहे, पण ६० च दिसतो.

सेटिंग्ज, सिस्टम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले, आणि तिथे रिफ्रेश रेट निवडा. विंडोज तो स्वतःहून वर नेईलच असं नाही. यादीत १४४ नसेल तर केबल आणि पोर्ट बघा. एचडीएमआय २.० चा मार्ग १८ गिगाबिटांचा, त्यावर ४के चित्र पूर्ण रंगांत ६० हर्ट्झपर्यंतच जातं. २.१ वर ४८ गिगाबिट मिळू शकतात. 'मिळू शकतात' असं म्हणतोय, कारण नियमांनुसार कमी वेगाच्या पोर्टवरही २.१ लिहिता येतं. पोर्टचा आकडा वाचण्यापेक्षा मॉनिटरच्या माहितीपत्रकात कोणत्या पोर्टवर किती हर्ट्झ ते शोधा. डिस्प्लेपोर्ट १.४ चे ३२.४ गिगाबिट ४के १२० ला पुरतात, त्यावर १४४ साठी डीएससी नावाची चित्रदाबणी लागते. काही मॉनिटरांत ओव्हरक्लॉक किंवा डिस्प्लेपोर्टची आवृत्ती मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूतून चालू करावी लागते.

स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकटी, रेघा दिसतात. मॉनिटर गेला की कार्ड?

स्क्रीनशॉट काढा आणि तो फोनवर उघडा. ठिपके स्क्रीनशॉटमध्येही असतील तर बिघाड पीसीच्या आत, म्हणजे कार्ड, त्याची मेमरी किंवा ड्रायव्हर. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर केबल, पोर्ट किंवा मॉनिटर. मॉनिटरचा स्वतःचा मेनू उघडून बघा. रेघ मेनूवरूनही जात असेल तर पॅनेल गेलंय.

पीसीच्या आत असेल तर कार्डाच्या मेमरीचा वेग ५०० मेगाहर्ट्झने उतरवून बघा. ठिपके कमी झाले तर कार्डाची मेमरी थकली आहे. बायोसच्या पडद्यावरही ठिपके दिसत असतील तर ड्रायव्हर बदलण्यात वेळ घालवू नका, तिथे विंडोजचा ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो. कार्ड ओव्हनमध्ये भाजायचे व्हिडिओ बघून तसलं काही करू नका. चाललं तरी चार दिवस चालतं, आणि धूर विषारी असतो.

जी-सिंक किंवा फ्रीसिंक लावलं की स्क्रीन लुकलुकते.

या दोन्ही सोयी मॉनिटरचा रिफ्रेश रेट गेमच्या फ्रेमशी जुळवत राहतात. ओलेड आणि व्हीए प्रकारच्या पॅनेलवर हे होतं आणि तो बहुतेक वेळा बिघाड नसतो. पॅनेलचा उजेड ठरावीक रिफ्रेश रेटला जुळवलेला असतो. फ्रेम ४० वरून १२० आणि परत ४० अशा उड्या मारू लागल्या की गडद भागांचा उजेड त्याबरोबर हलतो. म्हणून लोडिंगच्या पडद्यावर लुकलुक सगळ्यात जास्त. फ्रेम रेट स्थिर ठेवणं हाच उपाय: तुमचं कार्ड सतत देऊ शकेल अशा आकड्यावर कॅप लावा, आणि तो मॉनिटरच्या कमाल हर्ट्झपेक्षा तीन चारने कमी असू द्या. एखादा गेम ऐकतच नसेल तर तेवढ्यापुरतं जी-सिंक किंवा फ्रीसिंक बंद करा.

गेम नसतानाही, ब्राउझरमध्ये व्हिडिओ बघताना स्क्रीन क्षणभर काळी होत असेल तर ते प्रकरण वेगळं. आधी केबल बदला, मग ब्राउझरचं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद करून बघा.

एचडीआर (उजेड आणि अंधार यांची जास्त मोठी कक्षा) चालू केलं की सगळं फिकट दिसतं.

डेस्कटॉप फिकट असेल तर एचडीआरच्या सेटिंगमधली साध्या चित्राच्या उजेडाची पट्टी सरकवा आणि विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्टचं एचडीआर कॅलिब्रेशन ॲप एकदा चालवा. गेमही फिकट असेल तर मॉनिटरकडे बघा. डिस्प्लेएचडीआर ४०० ही सगळ्यात खालची पायरी आहे, तिच्यात लोकल डिमिंगची (स्क्रीनचे वेगवेगळे भाग स्वतंत्रपणे मंद करण्याची) सक्ती नाही. अशा मॉनिटरवर मी एचडीआर बंदच ठेवतो. विंडोज, ऑल्ट आणि बी दाबलं की ते चालू-बंद होतं.

एचडीआर नसतानाही काळा रंग राखाडी दिसत असेल तर ड्रायव्हरमध्ये रंगांची कक्षा 'लिमिटेड' झाली असणार, ती 'फुल' करा. एचडीएमआयवर कार्ड मॉनिटरला टीव्ही समजून १६ ते २३५ एवढेच आकडे पाठवतं.

गेमने चुकीचं रिझोल्यूशन धरलंय, मेनूच दिसत नाही.

ऑल्ट आणि एंटर दाबा, गेम खिडकीत येईल. दुसऱ्या मॉनिटरवर उघडला असेल तर विंडोज, शिफ्ट आणि बाण. तरी नाही ऐकलं तर 'डॉक्युमेंट्स' किंवा 'ॲपडेटा'मधल्या गेमच्या फोल्डरमधली सेटिंगची फाइल दुसरीकडे हलवा. गेम नवी तयार करतो. सेव्ह फायली शेजारीच असतात, त्या सांभाळा. स्क्रीन नुसती काळी अडकली असेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो.

विंडोज नव्याने टाकून बघू का?

हार्डवेअरची तक्रार असेल तर नवीन विंडोजही तशीच पडेल, फक्त तुमचे दोन दिवस जातील. आधी विंडोजच्या फायली तपासणारा सिस्टम फाइल चेकर चालवा. मोकळी ड्राइव्ह हाताशी असेल तर तिच्यावर नवं विंडोज, ड्रायव्हर आणि तो एकच गेम टाका, जुनं तसंच ठेवा. तिथेही पडला तर विंडोज सुटलं.

वॉरंटीसाठी पाठवताना काय बरोबर द्यावं?

तक्रारीचा व्हिडिओ, इव्हेंट व्ह्यूअरच्या नोंदी, आणि कार्ड दुसऱ्या पीसीत लावून बघितलं असेल तर तिथे काय झालं ते. 'गेम चालत नाही' एवढंच लिहिलंत तर सेवा केंद्रात पंधरा मिनिटं डेस्कटॉप दाखवून 'दोष आढळला नाही' म्हणून कार्ड परत येण्याची शक्यता मोठी. कोणता गेम, कोणती सेटिंग, किती वेळाने पडतो हे लिहा. ओव्हरक्लॉक काढलेला असावा. सिरियल नंबरचा फोटो स्वतःकडे ठेवा, आणि कार्ड अँटीस्टॅटिक पिशवीत घालूनच पाठवा.